लेस्टरहून आणलेलं ओव्हरलॉक मशीन बिघडलं, दाद कुणाकडे मागायची?

गोदाकाठची | ६ जानेवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मागच्या वर्षी जून ते ऑक्टोबर मी आणि आमचे हे लेकीकडे लेस्टरला होतो. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मला गोधड्यांचा नाद आहे. जुन्या साड्यांच्या गोधड्या, नातींचे फ्रॉक, सगळं घरच्यासाठीच. तिथल्या एका शिलाई मशीनच्या दुकानात कापडाची कड शिवणारं चार दोऱ्यांचं छोटं ओव्हरलॉक दिसलं आणि माझं मन त्यावर बसलं. किंमत १८९ पौंड. मी नको-नको म्हणत होते, तरी लेकीने १२ सप्टेंबरला तिच्या क्रेडिट कार्डावर घेऊन दिलं.

तिथे दोनदा चालवलं. परत आल्यावर इथे इंदिरानगरला सहा-सात वेळा. नोव्हेंबरच्या शेवटी एकदम खट-खट आवाज यायला लागला. मोटर फिरते, पण टाके सुटतात, खालचा दोरा दर वीतभर कापडामागे तुटतो. दुकानाला मेल केला. उत्तर दोन ओळींचं आलं: वॉरंटी फक्त ब्रिटनमध्ये लागू आहे, मशीन देशाबाहेर नेलं की ती संपते.

आमचे हे म्हणतात, परक्या मुलखात कुठे भांडत बसतेस, सोडून दे. मला सोडवत नाही. पैसे लेकीच्या कष्टाचे आहेत आणि मशीनला मी फुलासारखं जपलंय. कुणाला असा अनुभव आहे का? परदेशात घेतलेल्या वस्तूची तक्रार इथे बसून करता येते का?

सिडकोवाला | ६ जानेवारी, रात्री १०.०५

ताई, आधी प्लग बघा. ब्रिटनच्या तीन चपट्या पिनांच्या प्लगमध्ये आतच छोटा फ्यूज असतो. अॅडॉप्टर लावताना तो जातो आणि माणूस मशीनला दोष देत बसतो.

दुसरं, नवीन कायद्यात आपण राहतो तिथल्या ग्राहक आयोगात तक्रार टाकता येते. नाशिकलाच केस टाका. येऊ दे त्यांना लेस्टरहून तारखेला.

गोदाकाठची | ६ जानेवारी, रात्री १०.२०

मोटर व्यवस्थित फिरते भाऊ, म्हणजे फ्यूज ठीक असणार. शिवाय तिथली वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आहे, हे जावयाने घ्यायच्या आधीच बघितलं होतं.

भद्रकालीचा_भाचा | ६ जानेवारी, रात्री १०.३१

वाचतोय. आमच्याकडेही जर्मनीहून आलेली एक कॉफी मशीन माळ्यावर पडून आहे.

पंचवटी_वकील | ७ जानेवारी, सकाळी ७.५०

सिडकोवाला, अर्धं बरोबर आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि तक्रारदार राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात जाण्याची सोय त्यात झाली. जिल्हा आयोगाची मर्यादा आता ५० लाखांपर्यंत आहे. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत जायचं. हे सगळं खरं.

पण ताईंचं दुकान लेस्टरमधलं, माल तिथल्या काउंटरवर घेतलेला. नाशिकच्या आयोगाने समजा हुकूम दिला, तरी लेस्टरच्या दुकानावर त्याची बजावणी कोण करणार? अशा प्रकरणात माल जिथे घेतला तिथल्या कायद्याचाच हात धरायचा. ताई, इथे वकील करून पैसे घालवू नका, हे मी वकील असून सांगते.

परदेशी वेबसाइटवरून घरी नाशिकला माल मागवला असेल तर गोष्ट वेगळी. २०२० चे ई-कॉमर्स नियम, भारतातल्या ग्राहकांना पद्धतशीरपणे माल विकणाऱ्या परदेशी कंपनीलाही लागू आहेत. तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिनाभरात निपटारा करायचा.

एक प्रश्न ताई. या मशीनवर तुम्ही पैसे घेऊन काम करता का?

गोदाकाठची | ७ जानेवारी, सकाळी ८.३०

नाही हो. शेजारणींच्या ओढण्यांची कड करून देते, ती चहावर.

पंचवटी_वकील | ७ जानेवारी, सकाळी ८.४२

मग उत्तम. विचारण्याचं कारण, ग्राहक कोण हा प्रश्न सगळीकडे आधी येतो. आपल्याकडे पोटापाण्यासाठी स्वतः राबणाऱ्याने घेतलेली वस्तू असेल, तर त्यालाही ग्राहक मानतात. गल्लीतली शिंपीणताई आपल्या कायद्यात ग्राहक आहे. ब्रिटनमध्ये मात्र खरेदी मुख्यतः धंद्याबाहेरची असावी लागते.

लंडनचा_नाशिककर | ७ जानेवारी, दुपारी ३.१५

ताई, सोडू नका. मी इथे चौदा वर्षं आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या दुकानाने दिलेलंच नाही. त्यांनी वॉरंटीचं उत्तर दिलं.

वॉरंटी म्हणजे कंपनीने आपणहून दिलेलं वचन. ती किती दिवस, कुठल्या देशात, हे कंपनी ठरवते. तुमचा कायद्याचा हक्क वेगळा आहे आणि तो कंपनीवर नसून ज्याने विकलं त्या दुकानावर आहे. कन्झ्युमर राइट्स अॅक्ट २०१५, १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू. वस्तू समाधानकारक दर्जाची असली पाहिजे, हे कलम ९. दोष निघाला तर पहिल्या ३० दिवसांत वस्तू परत करून पूर्ण पैसे मागता येतात. ३० दिवस उलटले तर दुकानाला दुरुस्तीची किंवा बदलून देण्याची एक संधी द्यायची. त्यानेही भागलं नाही तर पैसे परत किंवा किमतीत सूट.

आता तुमच्या कामाची गोष्ट. सहा महिन्यांच्या आत दोष दिसला, तर तो विकतानाच होता असं कायदा धरून चालतो. नव्हता हे दुकानाने सिद्ध करायचं. तुमचं १२ सप्टेंबरचं बिल, दोष नोव्हेंबरचा. चार महिनेही झाले नाहीत.

दोन गोष्टी करा. एक, यापुढचा मेल लेकीच्या नावाने जाऊ दे. बिल तिचं, कार्ड तिचं, करार तिचा. तुम्ही मशीन वापरणाऱ्या. दोन, ते क्रेडिट कार्ड होतं हे फार बरं झालं. कन्झ्युमर क्रेडिट अॅक्ट १९७४ चं कलम ७५ म्हणतं की वस्तूची किंमत १०० पौंडांच्या वर आणि ३०,००० पर्यंत असेल, तर दुकानाइतकीच कार्ड देणारी बँकही जबाबदार. दुकानाने हात वर केले तर लेक सरळ बँकेकडे दावा करू शकते. बँक ऐकत नसेल तर आठ आठवड्यांनंतर फायनान्शियल ऑम्बड्समनकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या तिथल्या लवादाकडे, जायचं, त्याला पैसे पडत नाहीत.

आणि वॉरंटीचं कार्ड काढून बारीक अक्षरं वाचा. तिथे एक ओळ सापडेल.

गोदाकाठची | ७ जानेवारी, संध्याकाळी ६.१०

सापडली! भिंग घेऊन बसले. शेवटच्या ओळीत आहे, "युअर स्टॅच्युटरी राइट्स आर नॉट अफेक्टेड." म्हणजे कायद्याने दिलेल्या हक्कांना धक्का नाही, असंच ना? त्यांच्याच कागदावर लिहिलंय की!

ह्यांना वाचून दाखवलं. चष्मा लावून त्यांनी स्वतः पुन्हा वाचलं.

लंडनचा_नाशिककर | ७ जानेवारी, संध्याकाळी ६.३०

तीच ओळ. ती न वाचल्यामुळे लोक वर्षानुवर्षं "वॉरंटी संपली" ऐकून गप्प बसतात.

मेनरोड_दुकानदार | ७ जानेवारी, रात्री ९.००

मी तीस वर्षं काउंटरमागे आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. गिऱ्हाईक परत येतं तेव्हा माल कुठल्या घरात, कुठल्या हाताने चालवला हे दुकानदाराला दिसत नाही. साडी लग्नात नेसून, घडी मोडलेली परत आणणारे मी पाहिले आहेत. लेस्टरच्या माणसालाही मशीन सात हजार किलोमीटर दूर गेल्यावर शंका येणारच. तुम्ही आवाज चढवण्याआधी त्याला पुरावा द्या. चांगला दुकानदार पुरावा बघून वळतो.

म्युनिकवाली | ७ जानेवारी, रात्री ११.२०

दुकानदार काका, तुमचं पटतं, पण नेसलेली साडी आणि बिघडलेलं मशीन यांत फरक आहे. मन बदललं म्हणून परत करणं वेगळं आणि माल सदोष निघाला म्हणून परत करणं वेगळं. ब्रिटनमध्ये किंवा आमच्या जर्मनीत दुकानात जाऊन घेतलेली चांगली वस्तू परत घ्यायला दुकान बांधील नसतं. घेतात ती त्यांची पद्धत. ऑनलाइन घेतली तर १४ दिवसांत कारण न देता परत करता येते. सदोष मालाला मात्र मर्जीचा प्रश्नच नाही.

जर्मनमध्ये तर यासाठी दोन शब्दच आहेत. 'गारंटी' म्हणजे कंपनीची हमी आणि 'गेव्हेअरलाइस्टुंग' म्हणजे विकणाऱ्याची कायदेशीर जबाबदारी. युरोपीय संघात ही जबाबदारी किमान दोन वर्षांची आहे. १ जानेवारी २०२२ पासून जर्मनीत पहिले बारा महिने, आधी सहाच होते, दोष मुळातच होता असं धरतात. मी इथे आले तेव्हा इस्त्री बिघडली आणि दुकानातल्या मुलीने "कंपनीला फोन करा" म्हणून वाटेला लावलं. मी भाषा येत नाही म्हणून मान खाली घालून परत आले. वर्षभराने हा दुसरा शब्द शिकले, तेव्हा त्या इस्त्रीसाठी फार वाईट वाटलं. भद्रकालीच्या भाच्याने कॉफी मशीनचं बिल शोधावं.

भद्रकालीचा_भाचा | ७ जानेवारी, रात्री ११.४५

शोधतो. मामाने बिल टाकलं नसेल तर.

न्यूजर्सीकर | ८ जानेवारी, सकाळी ६.०५

अमेरिकेबद्दल मात्र गैरसमज नको. इथे लोक सहज वस्तू परत करतात म्हणून कायदाच तसा आहे असं पाहुण्यांना वाटतं. परत घेण्याचा सरसकट केंद्रीय कायदा इथे नाही. बहुतेक दुकानं आपल्या धोरणाने घेतात, ३० दिवस, ९० दिवस, ज्याचं त्याचं. काउंटरमागे पाटी असते ती वाचायची. १९७५ चा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आहे, पण तो कंपनीने लेखी वॉरंटी दिली तर ती कशी असावी, हे सांगतो. वॉरंटी द्याच असं सांगत नाही.

आणि नाशिकला परत जाणाऱ्या प्रत्येक आई-बाबांना हात जोडून सांगणं, इथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. माझ्या आत्याने इथला मिक्सर जेलरोडला नेऊन आपल्या सॉकेटला लावला. पुरणाच्या आधीच धूर निघाला. तो दोष मालाचा नाही, त्याची दाद कुठेच नाही. चार्जरवर '१००-२४०' छापलेलं असेल तरच बिनधास्त लावा.

सातपूर_टर्नर | ८ जानेवारी, सकाळी ९.१५

ताई, दुकानदार काका म्हणतात तो पुरावा मिळवायचा असेल तर मशीन उघडायला हवं. पण तुमच्या हाताने उघडू नका, नंतर म्हणतील तुम्हीच बिघडवलं. जुना मिस्त्री गाठा, उघडताना पहिल्या स्क्रूपासून सलग व्हिडिओ काढा. खट-खट आवाज आणि दोरा तुटणं, म्हणजे लूपर, खालचा दोरा गुंफणारा आकडा, आणि सुई यांचा मेळ गेलाय. तो का गेला ते आत दिसेल.

लंडनचा_नाशिककर | ८ जानेवारी, दुपारी १.००

फक्त एक. उघडण्याआधी लेकीने दुकानाला मेल करून "आम्ही तपासणी करून घेतो आहोत, हरकत असल्यास सात दिवसांत कळवा" असं लिहावं. म्हणजे उद्या तक्रारीला जागा राहणार नाही.

सिडनीची_सून | ८ जानेवारी, दुपारी ४.४०

ऑस्ट्रेलियात २०११ पासून देशभर एकच ग्राहक कायदा आहे. दुकानात 'पैसे परत मिळणार नाहीत' अशी सरसकट पाटी लावणंच इथे बेकायदेशीर. मोठा दोष असेल तर बदलून घ्यायचं की पैसे परत, हे ग्राहक ठरवतो, दुकान नाही. सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांच्या चालण्याच्या बुटाचा तळ पाच आठवड्यांत निघाला. मी त्यांनाच पुढे केलं. त्यांनी मराठीत तक्रार सांगितली, मी भाषांतर केलं. पैसे घेऊन बाहेर पडताना त्या म्हणाल्या, "अगं, इथे ऐकून घेतात." मला ते वाक्य अजून आठवतं.

सिडकोवाला | ८ जानेवारी, संध्याकाळी ७.३०

हेच. तिकडे ऐकून घेतात. इथे मेनरोडच्या बिलावर खाली छापलेलंच असतं, "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही."

मेनरोड_दुकानदार | ८ जानेवारी, रात्री ८.१०

माझ्या बिलावरून ती ओळ मी केव्हाच काढली.

पंचवटी_वकील | ८ जानेवारी, रात्री ९.२५

काकांनी योग्य केलं. २०१९ च्या कायद्यात सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत परत न घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. ती ओळ छापून कुणाची सुटका होत नाही.

आणि इथे कुणी ऐकत नाही हे मला मान्य नाही. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं. आयोगात तक्रार ऑनलाइन टाकायला आधी ई-दाखिल होतं, १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती आलं. ग्राहक चळवळ आपल्या मातीतली आहे. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात १९७४ ला ग्राहक पंचायत उभी केली, १९७५ ला मुंबई ग्राहक पंचायत आली. पहिला ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा. आपल्या आधीच्या पिढीने एवढं केलं, आणि आपण १८९ पौंडांचा मेल लिहायला घाबरतो, याचं मला वाईट वाटतं.

नाशिकरोडची_निमा | ८ जानेवारी, रात्री ९.५०

+१. आमच्या फ्रिजचं प्रकरण जिल्हा आयोगात चाललं. वेळ लागला, तारखा पडल्या, पण फ्रिजचे पैसे आणि खर्च मिळाला. मी स्वतः उभी राहून बोलले, वकील केला नव्हता.

द्वारका_ते_देरा | ९ जानेवारी, सकाळी १०.१०

दुबईचं सांगतो, कारण नाशिकहून तिकडे कामाला आणि फिरायला जाणारे खूप. मोबाइल घेतला, स्क्रीनवर दुसऱ्या दिवशी रेघ. दुकानदार म्हणाला, दोन आठवडे ठेवून जा. माझं विमान तिसऱ्या दिवशी. मी ग्राहक हक्क विभागाच्या वेबसाइटवर तक्रार टाकली, बिलाचा आणि स्क्रीनचा फोटो जोडला आणि तो तक्रार क्रमांक दुकानदाराला दाखवला. संध्याकाळी नवा पीस मिळाला. तिथे बिल हाच जीव. बिलावर मॉडेल आणि आयएमईआय क्रमांक लिहून घ्या, नुसतं 'मोबाइल' नको. आणि वस्तू हॉटेलवर त्याच दिवशी चालवून बघा. आपण बॅगेत खोके तसंच भरतो आणि ओझरला नाहीतर मुंबईला उतरून घरी गेल्यावर उघडतो, तिथेच घोटाळा होतो.

निफाडचा_बागाईतदार | ९ जानेवारी, रात्री ८.३०

मी मशीनमधलं काही जाणत नाही, पण परदेशातल्या ग्राहकाची तक्रार म्हणजे काय, हे आम्हा द्राक्षवाल्यांना विचारा.

आमची द्राक्षं रॉटरडॅमला उतरतात. निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंद अपेडाच्या, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या, ग्रेपनेट या ऑनलाइन यंत्रणेवर असते. काढणीआधी बागेतून नमुना जातो, प्रयोगशाळेत औषधांचे अंश तपासतात, पास झाला तरच माल पॅकहाउसला. पेटीवरच्या क्रमांकावरून ती कुठल्या गावच्या कुठल्या प्लॉटची, हे तिकडे बसून काढता येतं. २०१० ला क्लोरमेक्वॉट क्लोराइडचे, आपण ज्याला सीसीसी म्हणतो त्याचे, अंश सापडले म्हणून युरोपात आपले कंटेनर अडकले. वाढ रोखून घड धरायला आम्ही ते सर्रास मारत होतो, तिकडे तपासणीच्या यादीत ते येईल हे आमच्या ध्यानीमनी नव्हतं. त्या हंगामात या भागातली घरंच्या घरं बसली. आमचंही कंबरडं मोडलं. मी तेव्हा चिडलो होतो. पण त्यानंतर आम्ही फवारणीची वही लिहायला शिकलो. आज माझी नातवंडं बागेत घड तोडून न धुता खातात, ते मला चालतं.

सांगायचं एवढंच ताई, हॉलंडमधल्या बाईने ५०० ग्रॅमच्या पनेटबद्दल तक्रार केली तर तिचा आवाज निफाडच्या बांधापर्यंत पोचतो. मग इंदिरानगरचा आवाज लेस्टरला का पोचू नये? तुम्ही लिहाच.

म्युनिकवाली | ९ जानेवारी, रात्री ११.००

काका, डोळ्यात पाणी आलं. इथल्या दुकानात मार्च-एप्रिलला भारतीय द्राक्षं दिसली की मी आधी पॅकहाउसचं गाव वाचते.

गोदाकाठची | १९ जानेवारी, रात्री ९.१५

मंडळी, थोडा उशीर झाला लिहायला. लेकीने मेल केला होता, दुकानाने सात दिवसांत काहीच कळवलं नाही. काल मिस्त्री काकांकडे मशीन उघडलं. शिलाई मशीन दुरुस्तीत त्यांची चाळीस वर्षं गेलीत. नातवाने व्हिडिओ काढला.

काकांनी बाजूची झाकणं काढली, बॅटरी धरली आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. मग मला जवळ बोलावलं. लूपरचा दांडा ज्या ओतीव भागावर बसतो, त्याला केसासारखा तडा आहे. दांडा त्यामुळे हलतो, सुईला भेटायचा तिथे भेटत नाही. मला वाटलं, विमानात बॅग आपटली असेल, आता सगळं संपलं. तर काकांनी सुईच्या टोकाने तड्यात दाखवलं. आत राखाडी रंग उतरलेला. कारखान्यात मशीनला जो रंग मारला तोच. काका म्हणाले, "ताई, तडा आधी, रंग नंतर. हे लेकरू जन्मतःच असं आहे."

मी घरी येईपर्यंत रिक्षात तेच वाक्य मनात घोळवत होते.

सातपूर_टर्नर | १९ जानेवारी, रात्री ९.३०

मिस्त्री काकांना साष्टांग. ओतकामात तडा राहिला आणि रंगाने झाकला गेला. कारखान्यात आम्ही असा पीस बाजूला काढतो. जवळून, सावली न पडता फोटो घ्या, शेजारी स्केलपट्टी ठेवून.

लंडनचा_नाशिककर | १९ जानेवारी, रात्री १०.४०

याहून चांगला पुरावा शोधून सापडणार नाही. काकांकडून त्यांच्या पावतीवर मराठीत दोन ओळी, सही आणि तारीख घ्या. लेकीने खाली इंग्रजी भाषांतर द्यावं. मेलमध्ये मागणी एकच आणि स्पष्ट असू दे: कलम २३ प्रमाणे बदलून द्या, पोचवायचा पत्ता लेस्टरचा, उत्तरासाठी १४ दिवस. भारतातून परत पाठवण्याचं भाडं सध्या मागू नका, त्यावरून वाद वाढेल आणि मूळ मुद्दा बाजूला पडेल.

गोदाकाठची | २ फेब्रुवारी, रात्री ८.००

उत्तर आलं. म्हणतात, भारतातल्या व्होल्टेजमुळे बिघाड झाला असावा.

सिडकोवाला | २ फेब्रुवारी, रात्री ८.०४

व्होल्टेजने लोखंडाला तडा जातो? तो पण रंग मारायच्या आधी?

मेनरोड_दुकानदार | २ फेब्रुवारी, रात्री ८.४०

आता मीही ताईंच्या बाजूने. फोटो बघून असं उत्तर देणं हे दुकानदाराचं काम नव्हे.

पंचवटी_वकील | २ फेब्रुवारी, रात्री ९.१०

व्होल्टेजने झालं हे सिद्ध करायची जबाबदारी त्यांची आहे, 'असावा' म्हणून चालत नाही. लेकीने शांतपणे एवढंच लिहावं आणि सोबत कळवावं की कलम ७५ खाली आज बँकेकडे दावा दाखल करत आहोत.

गोदाकाठची | ३ फेब्रुवारी, सकाळी ७.२०

तसंच लिहिलं. बँकेचा अर्जही भरला. बिल, तड्याचे फोटो, व्हिडिओ, मिस्त्री काकांची पावती, वॉरंटी कार्डावरची ती ओळ. रात्री फोनवर लेक म्हणाली, "आई, तू नसतीस तर मी हे सोडून दिलं असतं." मी म्हटलं, मीही सोडणारच होते.

भद्रकालीचा_भाचा | ३ फेब्रुवारी, रात्री ९.००

दरम्यान आमच्या कॉफी मशीनचं बिल सापडलं. खरेदी १९ महिन्यांपूर्वीची. म्युनिकवाली ताई, दोन वर्षांत बसतं ना?

म्युनिकवाली | ३ फेब्रुवारी, रात्री १०.३०

बसतं. पण बारा महिने उलटल्यामुळे दोष मुळातला होता हे आता मामांना दाखवावं लागेल. ज्या दुकानातून घेतलं त्यांनाच लिहायचं, कंपनीला नाही. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, जर्मनमधला मसुदा मी करून देते.

भद्रकालीचा_भाचा | ३ फेब्रुवारी, रात्री १०.३४

मामा तुमच्यासाठी घरचा मिसळ मसाला पाठवणार म्हणतोय.

गोदाकाठची | २१ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.४५

मंडळी!! बँकेने दुकानाकडे विचारणा केली आणि चौथ्या दिवशी दुकानाच्या मॅनेजर बाईंचा लेकीला फोन आला. फोटो नीट पाहिले, माफी मागितली, पैसे हवेत की नवं मशीन, असं विचारलं. लेकीने मला विचारलं. मी म्हटलं, मशीन. जुनं परत नको म्हणाल्या, फक्त सिरियल क्रमांकाच्या पट्टीचा फोटो मागितला. बँकेचा दावा मशीन हातात आल्यावरच मागे घ्यायचा, हे लंडनच्या दादांनी आधीच बजावलं होतं. तसंच केलं.

काल नवं मशीन लेकीच्या घरी पोचलं. तिने त्याच रात्री झाकण उघडून आतला ओतीव भाग बॅटरीने पाहिला, मला व्हिडिओ कॉलवर दाखवला, मिस्त्री काकांनाही जोडून घेतलं. काका म्हणाले, निरोगी आहे. चार तास चालवलं, दोरा एकदाही तुटला नाही. गुढीपाडव्याला जावयांचे आई-बाबा नाशिकला येताहेत, ते बॅगेत घालून आणतील.

ह्यांनी काल स्वतःहून माझ्या जुन्या मशीनच्या खोक्यावरची धूळ पुसली आणि ते मिस्त्री काकांना सुट्या भागांसाठी देऊन आले.

निफाडचा_बागाईतदार | २१ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.३०

लई भारी ताई. पहिल्या तोडीची पेटी तुमच्याकडे पोचती करतो. पत्ता व्यनि करा.

नाशिकरोडची_निमा | २१ फेब्रुवारी, रात्री ८.१५

अभिनंदन! धागा वाचनखुणेत साठवला. मेमध्ये भावाकडे मँचेस्टरला चाललेय, बिलं ठेवायला वेगळी पिशवी आजच शिवली.

गोदाकाठची | २१ फेब्रुवारी, रात्री ८.४०

निमा, पाडव्यानंतर ये. पिशवीची कड नव्या मशीनवर घालून देते.